बातमीतल्या दोन चांदण्या

१२ मे २०२२. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा त्या दिवशी जगभर एकाच वेळी खुली होणार होती. त्या बातमीचा मराठी मजकूर आमच्या स्वयंसेवी गटाकडे होता. मजकूर तपासून झाला होता, पानही तयार होतं. वेळेला चाळीसेक मिनिटं उरली असताना शेवटची नजर टाकली, तर पानावरच्या दोन चांदण्या गेलेल्या. चांदणी म्हणजे * ही छापायची खूण. ती गेल्यामुळे बातमी दोन कृष्णविवरांऐवजी भलत्याच दोन गोष्टींबद्दल बोलू लागली होती.

तिथपर्यंत काय काय झालं ते क्रमानं सांगायला हवं, कारण त्या कामात पकडलेल्या चुकांपैकी जवळजवळ एकही अवघड शब्दात नव्हती.

अशा बातमीचा मूळ मजकूर भाषांतरकारांना थोडा आधी मिळतो, पण एम्बार्गोखाली. ठरलेल्या क्षणापर्यंत तो गटाबाहेर जाता कामा नये. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीसारख्या संस्थेच्या बातम्या स्वयंसेवकांच्या जाळ्यातून अनेक भाषांत जातात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या लोकसंपर्क कार्यालयाचंही भाषांतरकारांचं स्वतंत्र जाळं आहे. कामाच्या रीती थोड्याफार वेगळ्या असतात, पण प्रसिद्धीची वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेतच टिपून ठेवावी, हे सगळ्यांनाच लागू आहे. मध्य युरोपातली घड्याळं हिवाळ्यात जागतिक वेळेच्या एक तास पुढे असतात, उन्हाळ्यात दोन तास. मे महिन्यात एकच तास धरला तर बातमी तासभर उशिरा लागते. हिवाळ्यात चुकून दोन धरले तर ती तासभर आधी फुटते, आणि तशी फुटली की पुढच्या वेळी त्या भाषेला मजकूर आधी देताना कोणीही दहादा विचार करेल.

गटात चार जण होते. एक भाषांतर करणारा. दुसरा खगोलशास्त्र शिकलेला, मूळ मजकूर समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा. तिसरी मूळ मजकूर अजिबात न बघता फक्त मराठी मोठ्यानं वाचणारी. चौथा मजकूर पानावर चढवणारा. यातली तिसरी जागा बहुतेक गट वेळेअभावी गाळतात. आमच्या मते गाळायचीच झाली तर ती सर्वांत शेवटी गाळावी. मूळ वाचलेल्या माणसाला वाक्याचा अर्थ आधीच ठाऊक असतो. मराठी वाक्यात तो उतरला नसला तरी त्याच्या डोळ्यांना तो दिसतो.

भाषांतराला हात लावण्याआधी आकड्यांचा तक्ता होतो. मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा एका ओळीत: मूळ रूप, मग तोच आकडा दहाच्या घातात, मग मराठी रूप, आणि शेवटी दुसऱ्या माणसानं तपासल्याची खूण. मधला घाताचा रकाना फालतू वाटतो, पण सगळी भिस्त त्याच्यावर असते, कारण मोठ्या संख्यांच्या पायऱ्या भाषेगणिक बदलतात. इंग्रजी ‘बिलियन’वर नऊ शून्यं, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या स्पॅनिश शब्दावर बारा. जपानी भाषा दहा हजारांच्या पायरीनं मोजते. आपल्याकडे लाख आणि कोटी. हिंदीवरून मराठी करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे: हिंदीतला खरब म्हणजे दहाचा अकरावा घात आणि मराठीतला खर्व म्हणजे दहावा. म्हणून खर्व आम्ही वापरतच नाही. अब्जाच्या बरंच वर गेलं की ‘लाख कोटी’ म्हणतो, त्यात कोणाची फसगत होत नाही.

या बातमीत आकडे मोजकेच होते. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं नाव सॅजिटेरियस ए* असं. त्याचं वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढं, अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं. ज्याची प्रतिमा १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झाली होती ते एम८७* हे कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचं आणि साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचं. पहिल्या मसुद्यात आकडे बरोबर होते, पण एका जागी ‘२७ हजार प्रकाशवर्षांपूर्वी’ असं पडलं होतं. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे. नावातल्या ‘वर्षा’मुळे हात आपोआप ‘पूर्वी’ लिहून जातो. ही चूक इतकी सर्रास होते की आम्ही प्रत्येक मजकुरात ‘प्रकाशवर्षां’ एवढा तुकडा शोधून त्याच्या पुढचा प्रत्यय पाहतो. ‘वर’, ‘दूर’, ‘अंतरावर’ चालतं. ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘आधी’ दिसलं की वाक्य उलगडून परत लिहायचं.

तक्त्यात मावला नाही असा एक आकडा होता. मूळ वाक्याचा आशय असा की आपलं कृष्णविवर एम८७* च्या मानानं हजारपटींहून अधिक लहान आणि हलकं आहे. ‘हजार पट लहान’ असं मराठीत सर्रास लिहिलं जातं, पण पट म्हणजे गुणाकार, आणि गुणाकारानं वस्तू लहान कशी होणार, असा अडखळा मोठ्यानं वाचताना येतोच. आम्ही वाक्य उलटं केलं: एम८७* हे आपल्या कृष्णविवराच्या हजारपटींहून मोठं आणि जड आहे. साडेसहा अब्जांना ४० लाखांनी भागलं की सोळाशेच्या आसपास येतं, म्हणजे ‘हजारपटींहून’ बरोबर. वाक्याची दिशा बदलली की भागाकार करून पाहायचाच. नुसत्या शब्दांवर विसंबलं तर कोण कोणापेक्षा मोठं याची अदलाबदल होते.

बातमीत एक उपमा होती: हे कृष्णविवर आपल्याला आकाशात जेवढं दिसतं, तेवढा चंद्रावर ठेवलेला डोनट पृथ्वीवरून दिसेल. उपमा दुसऱ्या भाषेत नेताना तिथल्या लोकांच्या ओळखीची वस्तू घालायचा मोह सगळ्यांना होतो. घालायला हरकत नाही, पण आधी गणित करावं. प्रतिमेत कृष्णविवराभोवती वायूचं उजळ कडं दिसतं, त्याचा व्यास सुमारे ५२ मायक्रोविकला (हे कोनाचं अतिसूक्ष्म माप, त्याबद्दल पुढे). चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. तिथे हा कोन सुमारे पावणेदहा सेंटिमीटर भरतो. म्हणजे डोनट बऱ्यापैकी मोठा हवा, आणि त्याच्या जागी येणारी वस्तूही साधारण दहा सेंटिमीटरची, मध्ये भोक असलेली हवी. निम्म्या मापाची वस्तू घातली तर उपमा दुपटीनं चुकते, आणि ती उपमा नुसती शोभेसाठी नव्हती, मोजमापासाठी होती. शेवटी आम्ही डोनट ठेवला आणि पुढे ‘म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरचं कडं’ एवढी जोड दिली. ज्यानं डोनट पाहिलेला नाही त्यालाही माप मिळालं.

आता शब्द. ज्यांना लोक अवघड समजतात ते अर्ध्या तासात संपले. कृष्णविवर, घटनाक्षितिज, व्यापक सापेक्षता, वस्तुमान, दीर्घिका हे सगळे मराठीत रुळलेले आहेत, परिभाषा कोशांत आहेत, लेखांतून लोकांच्या वाचनात आहेत. हिंदीच्या शेजारामुळे एवढंच पाहावं लागतं की हिंदीत कोणत्याही दीर्घिकेला, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहाला, आकाशगंगा म्हणतात. मराठीत आकाशगंगा आपली, बाकीच्या दीर्घिका. हिंदी मसुद्यावरून काम केलं तर एम८७ ही दीर्घिका, जिच्या केंद्रात एम८७* आहे, ‘आकाशगंगा’ होऊन बसते.

थोडा वेळ खाल्ला तो मायक्रोविकला या शब्दानं. कोनाचं माप अंशात. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. इंग्रजीत त्यांना मिनिट आणि सेकंदच म्हणतात, आणि बरेचजण मराठीतही ‘कंसाचा सेकंद’ असं लिहितात. या बातमीत तसं करणं घातक होतं, कारण चार ओळी पुढे खऱ्याखुऱ्या मिनिटांची गोष्ट होती: एम८७* भोवती वायूला एक फेरी मारायला काही दिवसांपासून आठवडे लागतात, तर सॅजिटेरियस ए* भोवती काही मिनिटं. दोन्हीकडे वायू प्रकाशाच्या जवळपास वेगानंच धावतो, पण इथली वाटच लहान. एकाच परिच्छेदात कोनाचे सेकंद आणि घड्याळाची मिनिटं आली तर वाचक हरवणारच. विकला हा जुना, नेमका शब्द हाताशी असताना तो टाकून देण्यात काही शहाणपण नाही. विकलेचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोविकला, असं एकदा कंसाशिवाय, वाक्यातच सांगितलं.

सॅजिटेरियस या तारकासमूहाचं मराठी नाव धनू. ‘धनू राशीतलं कृष्णविवर’ हे चूक नाही, पण राशी म्हटलं की वाचणाऱ्याचं मन थेट भविष्याकडे जातं. आम्ही ‘धनू तारकासमूहाच्या दिशेला’ असं लिहिलं. त्याच कारणानं सिद्धांताच्या बाबतीत ‘भाकीत’ म्हणतो, ‘भविष्यवाणी’ कधीच नाही.

खरा वेळ लागला तो साध्या शब्दांना.

पहिला ‘छायाचित्र’. बातमीत दोन गोष्टी होत्या: कृष्णविवराची प्रतिमा, आणि त्या प्रतिमेच्या मधला काळा भाग, ज्याला शास्त्रज्ञ कृष्णविवराची सावली म्हणतात. मसुद्यात सावलीला ‘छाया’ आणि प्रतिमेला ‘छायाचित्र’ होतं. परिणाम असा की ‘छायाचित्रात छाया दिसते’ असं वाक्य तयार झालं, आणि वाचकाला वाटावं की छायाचित्रात छाया असणारच, त्यात विशेष ते काय. शिवाय ही कॅमेऱ्यानं टिपलेली गोष्टच नाही. १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी एप्रिल २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी नोंदवल्या. त्या नोंदींवरून, वेगवेगळ्या गणिती पद्धतींनी, नोंदींशी जुळणाऱ्या हजारो प्रतिमा उभ्या केल्या आणि त्यांची सरासरी काढली. रंगही नंतर दिलेला. म्हणून ‘प्रतिमा’ आणि ‘सावली’ असे दोनच शब्द ठरले, आणि ‘छाया’ हा शब्द मजकुरातून पूर्ण काढला.

दुसरा ‘आकार’. हा शब्द मराठीतला मोठा चकवा आहे, कारण तो लहानमोठेपणालाही चालतो आणि गोलचौकोनीपणालाही. ‘पृथ्वीच्या आकाराची दुर्बीण’ हे वाचून गोल दुर्बीण डोळ्यांपुढे आली तर वाचकाचा दोष नाही. सहा ठिकाणच्या त्या आठ दुर्बिणी मिळून पृथ्वीच्या व्यासाएवढ्या एका दुर्बिणीचं काम करतात, असं सरळ लिहिलं. त्यात एक फायदाही झाला: मूळ मजकुरातल्या शब्दासाठी ‘आभासी’ वापरायची वेळ आली नाही. आभासी म्हटलं की लोकांना ते भासमान, खोटं वाटतं. त्या दुर्बिणी खऱ्याच असतात. त्या एकाच वेळी एकाच दिशेला पाहतात, अणुघड्याळाच्या वेळेसह नोंदी साठवतात, आणि नोंदींची सांगड नंतर घातली जाते. गणितही जुळतं. १.३ मिलिमीटरला पृथ्वीच्या सुमारे १२,७०० किलोमीटर व्यासानं भागलं की अशा दुर्बिणीला दिसू शकणारा सर्वांत बारीक कोन येतो: २१ मायक्रोविकलांच्या आसपास. ५२ मायक्रोविकलांचं कडं उलगडून दाखवायला तेवढं पुरतं. पृथ्वीवर राहून याच लहरींत याहून बारीक पाहता येणार नाही, कारण दोन दुर्बिणींमधलं अंतर पृथ्वीच्या व्यासापेक्षा जास्त असूच शकत नाही.

तिसरा ‘महाकाय’. काय म्हणजे शरीर. या कृष्णविवराचं वैशिष्ट्य शरीर मोठं असण्यात नाही. त्याच्या घटनाक्षितिजाचा, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही त्या सीमेचा, व्यास अडीच कोटी किलोमीटरच्या आसपास, आणि प्रतिमेतलं सबंध कडंसुद्धा बुधाच्या कक्षेच्या आत मावेल. ४० लाख सूर्यांचं वस्तुमान एवढ्याशा जागेत कोंबलेलं असणं, हेच नवल. महाकाय म्हटलं की ते नवल उलटं होतं. ‘अतिप्रचंड वस्तुमानाचं कृष्णविवर’ हे लांबलचक आहे, जिभेलाही जड आहे, तरी तेच ठेवलं. पहिल्यांदा पूर्ण लिहायचं, पुढे नुसतं ‘कृष्णविवर’. फक्त त्याचं ‘विवर’ करायचं नाही. चंद्रावरच्या खड्ड्यांनाही विवरंच म्हणतात, आणि या बातमीत चंद्र येतो.

चौथा ‘पुरावा’. हा तपासणाऱ्यानं लाल केला तेव्हा आम्ही बराच वेळ वाद घातला. मराठीत साध्या पुराव्यालाही पुरावा आणि ‘सिद्ध झालं’ या अर्थीही पुरावा. २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना मिळालं (निम्मं पारितोषिक रॉजर पेनरोझ यांचं). त्यांच्या कामाचं वर्णन करताना नोबेलच्या मानपत्रात ‘कृष्णविवर’ असा शब्द नाही. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातली अतिप्रचंड वस्तुमानाची एक अतिशय आटोपशीर वस्तू, असा सावध उल्लेख आहे. त्यांनी ताऱ्यांच्या कक्षांवरून तिचं वस्तुमान मोजलं होतं. २०२२ च्या प्रतिमेनं त्यात भर घातली ती प्रत्यक्ष दिसणाऱ्या पहिल्या पुराव्याची. ‘अखेर सिद्ध झालं’ असा मथळा आकर्षक दिसला असता, पण मूळ बातमी तेवढं म्हणत नव्हती. ‘पहिला प्रत्यक्ष दृश्य पुरावा’ असं नेमकं ठेवलं. ‘सुसंगत आहे’ या शब्दांचंही तसंच. कड्याचं माप व्यापक सापेक्षतेशी, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताशी, सुसंगत आहे, एवढंच. ‘आइन्स्टाइन बरोबर ठरले’ असं जिथे मूळ मजकूर म्हणत नाही तिथे आपण म्हणायचं नाही.

मग ‘आपण’ आणि ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ‘आपली आकाशगंगा’ यात वाचकही आला. ‘आमची निरीक्षणं’ यात तो नाही. मसुद्यात दोन ठिकाणी ‘आपल्या निरीक्षणांवरून’ असं झालं होतं, जणू निरीक्षणं वाचकानंच केली. एका ठिकाणी उलट, ‘आमच्या आकाशगंगेच्या’ होतं. ते फारच खटकलं. शास्त्रज्ञ वाचकाला सांगतो आहे की आकाशगंगा माझी आहे, तुझी नाही. ज्या बातमीचा सगळा जीव ‘हे आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे’ यात होता, तिच्यात एवढ्याशा शब्दानं वाचक बाहेर राहिला असता.

शास्त्रज्ञांच्या तोंडची वाक्यं हा वेगळाच घोळ. ‘मी थक्क झालो’ की ‘झाले’? इंग्रजीत प्रश्नच येत नाही. मराठीत बोलणाऱ्याचं लिंग कळल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि परदेशी नावावरून अंदाज करणं धोक्याचं. संस्थेच्या पानावर त्या व्यक्तीचा उल्लेख कसा केला आहे ते पाहून आधी खात्री करावी. ती होईपर्यंत ‘मला नवल वाटलं’, ‘आम्हाला दिसलं’ अशी रचना करावी, जिथे क्रियापद बोलणाऱ्याकडे पाहतच नाही. उपमांपैकी एक मात्र जशीच्या तशी आली: झपाट्यानं बदलणाऱ्या या वायूची प्रतिमा घेणं म्हणजे स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाचा स्पष्ट फोटो काढणं. ती वाचून तिसरी वाचक खुदकन हसली आणि पुढे गेली. आम्ही त्या उपमेला हात लावला नाही.

मसुद्यात अशाही गोष्टी होत्या ज्या अर्थाला सरळ छेद देत होत्या. संगणकावर तयार केलेल्या कृष्णविवरांच्या प्रतिरूपांचं मोठं ‘ग्रंथालय’ झालं होतं. तिथे ‘संग्रह’ हवा होता. ‘कृष्णविवर आजूबाजूचं सगळं शोषून घेतं’ असं एक वाक्य मूळ मजकुरात नसताना आलं होतं. कृष्णविवर चोहीकडून शोषत बसत नाही. पुरेशा अंतरावरून त्याच्याभोवती तारे वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि गेंझेल-गेझ यांची मोजणी त्यावरच उभी आहे. चित्रओळीत कोणीतरी कड्यावरच्या तीन उजळ ठिपक्यांचा उल्लेख घातला होता. मुळात नव्हता, म्हणून काढला. चित्रात दिसतं ते सगळं खऱ्या रचनेतलं असतंच असं नाही, आणि त्याबद्दल बोलायचं की नाही हे भाषांतरकारानं ठरवायचं नसतं.

व्हिडिओच्या उपशीर्षकांचं थोडक्यात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणवाक्य आधी. त्यामुळे जी माहिती इंग्रजीत प्रतिमा दिसल्यावर येते ती मराठीत आधीच पडद्यावर येऊन बसते. प्रतिमा खुली होण्याच्या क्षणीचं उपशीर्षक म्हणून मुद्दाम तोडलं: ‘ही पाहा’ आधी, बाकीचं पुढच्या ओळीत.

१२ मेला दुपारपर्यंत हे सगळं आवरलं. मजकूर साध्या पाठ्यफाइलीतून पानावर चढवला. पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आहे ना, हे पाहिलं. ती हिंदी राहिली तर काही टंकांत ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपं उमटतात. ‘दुसऱ्या’, ‘ताऱ्यांच्या’ यांतला र नीट उमटला आहे ना, तेही पाहिलं. पीडीएफमधून उतरवलेल्या मजकुरात तो हमखास मोडतो. सगळं ठीक दिसत होतं.

मग तिसऱ्या वाचकानं पान शेवटचं एकदा मोठ्यानं वाचलं आणि एका वाक्यावर थांबून विचारलं, “एम८७ ही दीर्घिका ना? मग कृष्णविवराची तुलना अख्ख्या दीर्घिकेशी कशी काय?”

फाइलीत चांदणी होती. पानावर नव्हती. त्याच परिच्छेदातल्या सॅजिटेरियस ए* ची चांदणीही गेली होती.

चांदणी म्हणजे सजावट नव्हे. धनूच्या दिशेनं रेडिओलहरी पाठवणाऱ्या एका स्रोताला सॅजिटेरियस ए म्हणतात, पण तो एकच पिंड नाही. त्यात एका अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, अवशेष आहेत, तप्त वायूची एक रचना आहे, आणि त्या सगळ्याच्या आत तो बिंदूएवढा स्रोत आहे जो १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना सापडला. अणूची उत्तेजित अवस्था दाखवायला चांदणी लावतात, त्यावरून ब्राउन यांनी १९८२ मध्ये त्याला ए* असं नाव दिलं. चांदणी काढली की नाव पुन्हा सबंध स्रोताचं होतं. एम८७ चं तर त्याहून वाईट: चांदणीशिवाय ती असंख्य ताऱ्यांची अख्खी दीर्घिका आहे. ती अख्खी दीर्घिका आपल्या कृष्णविवराच्या ‘हजारपटींहून मोठी आणि जड’ असं आमचं पान सांगत होतं.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. पान बनवणारी प्रणाली पाठ्यफाइलीत दोन चांदण्यांमध्ये बसलेला मजकूर तिरपा करते आणि चांदण्या खाऊन टाकते. हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मग इंग्रजी पान सुखरूप कसं राहिलं? कारण चांदणीनंतर लगेच मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असेल तर ती तिरप्या मजकुराची सुरुवात धरली जात नाही. इंग्रजीत नावानंतर नेहमी मोकळी जागाच येते. मराठीत आम्ही विभक्तीचा प्रत्यय नावाला चिकटवला होता: पहिल्या चांदणीला लागून ‘च्या’, दुसरीला लागून ‘पेक्षा’. दोन्ही बाजूंना अक्षरं आल्यामुळे पहिली चांदणी सुरुवात ठरली, दुसरी शेवट, आणि मधल्या दोन ओळी तिरप्या झाल्या. पानावरच्या देवनागरी टंकाला तिरपं रूपच नव्हतं, म्हणून डोळ्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. ज्या परिच्छेदात चांदणी एकच होती तिथे जोडीदार न मिळाल्यानं ती टिकली. त्यामुळेच आधीच्या तपासणीत सगळं ठीक वाटलं होतं.

उपाय दोन होते. चांदणीआधी उलटी तिरकी रेघ टाकली की प्रणाली तिला साधं अक्षर समजते. पण हाच मजकूर पुढे उपशीर्षकांच्या फाइलीत आणि पत्रकारांना जाणाऱ्या मेलमध्येही जायचा होता. तिथे ती रेघ जशीच्या तशी उमटली असती, आणि नावात आणखी एक नको ती खूण शिरली असती. दुसरा उपाय भाषेतच होता: नावाला प्रत्यय लावायचाच नाही. नावानंतर मोकळी जागा, मग ‘या कृष्णविवराच्या’, ‘या कृष्णविवरापेक्षा’. प्रत्यय नामानं उचलायचा. वाक्य किंचित लांबतं, पण मराठीला ही रचना अगदी अंगवळणी पडलेली आहे, आणि बोनस म्हणून प्रत्येक वेळी वाचकाला कळतं की बोलणं कृष्णविवराचं आहे, दीर्घिकेचं नाही. फाइलीत ‘चांदणी आणि तिला लागून अक्षर’ असं शोधून एकेक जागा हातानं दुरुस्त केली. सगळं एकदम बदलायचा मोह टाळला, कारण ‘च्या’, ‘ची’, ‘ला’ प्रत्येकाची वाक्यातली गरज वेगळी होती.

पान पुन्हा चढवलं. तपासणाऱ्यानं यावेळी मूळ मजकुरातल्या आणि पानावरच्या चांदण्या वेगवेगळ्या मोजल्या. आकडे वेगळे आले, आणि ते यायलाच हवे होते, कारण मराठीत काही ठिकाणी नावाऐवजी ‘ते’ आलं होतं. म्हणून मोजणी सोडून प्रत्येक नावाशी थांबून चांदणी पाहिली. प्रत्यय नावाला थेट जोडणाऱ्या इतर भाषांच्या गटांना दोन ओळींचा निरोप धाडला. तुर्कीसारख्या भाषेत विशेषनाम आणि प्रत्यय यांच्यामध्ये वरचा स्वल्पविराम येतो, म्हणून तिथे हे घडत नाही, पण आपल्या शेजारच्या बऱ्याच भाषांत घडू शकतं. एका गटाचं उत्तर लगेच आलं: त्यांच्याही पानावर तोच परिच्छेद होता, तशाच दोन चांदण्या गेलेल्या.

प्रतिमा खुली झाली तेव्हा उपशीर्षकांची फाइल तपासायची अजून बाकी होती. तिच्यातही एके ठिकाणी प्रत्यय चिकटलेला सापडला. तिथे चांदणी खाणारं काही नव्हतं, तरी बदलला. मग शब्दांच्या तक्त्यात एक नवी ओळ घातली: ‘ए* – वाचताना ए-स्टार. पुढे मोकळी जागा. प्रत्यय नावाला नाही, नंतरच्या नामाला. एम८७* चंही तसंच.’ समोरच्या रकान्यात तपासल्याची खूण तिसऱ्या वाचकानं केली.